इन्सुलिनची गोष्ट : वाक्यातून गळलेले कुत्रे आणि ससे

'बँटिंग आणि बेस्ट यांनी १९२१ मध्ये इन्सुलिन शोधले,' असे आपण वर्गात सांगतो आणि पुढे जातो. या वाक्यातून काय काय गळते ते पाहायचे असेल, तर कॅनडाचे इतिहासकार मायकेल ब्लिस यांचे 'द डिस्कव्हरी ऑफ इन्सुलिन' (१९८२) हे पुस्तक शिक्षकांनी जरूर वाचावे.

कुत्र्याचे स्वादुपिंड काढले की त्याला मधुमेह होतो, हे मिन्कोव्हस्की आणि फॉन मेरिंग यांनी १८८९ मध्येच दाखवले होते. स्वादुपिंडाची नलिका बांधली तर पाचकरसाच्या पेशी झिजतील आणि हवा तो अर्क शाबूत मिळेल, असा बँटिंग यांचा तर्क होता. त्यासाठी टोरंटोत अनेक कुत्र्यांवर शस्त्रक्रिया झाल्या. पण त्याच वर्षाअखेर गुरांच्या साध्या स्वादुपिंडातूनही अल्कोहोलच्या साहाय्याने अर्क मिळू लागला. म्हणजे नलिका बांधण्याची गरजच नव्हती! ब्लिस यांनी मूळ प्रयोगवह्या तपासून प्रयोगांतील उणिवा स्पष्ट मांडल्या आहेत. शोधाचे मोल त्यामुळे कमी होत नाही, हेही ते दाखवतात.

११ जानेवारी १९२२ रोजी किशोरवयीन लिओनार्ड थॉम्पसनला दिलेला अर्क अशुद्ध होता. त्याचा फारसा उपयोग झाला नाही. कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीपासून दिल्यावर मात्र गुण आला. कॉलिप आपला अर्क निरोगी सशांवर तपासत. सशाची रक्तशर्करा किती उतरते, यावरून अर्काचा जोर कळे. प्रत्येक चाचणीसाठी कुत्र्याला मधुमेही करण्याची गरज उरली नाही.

पुस्तक इतिहासाचे आहे. शरीरक्रियेची जोड शिक्षकाने द्यावी. लहान वयात होणाऱ्या मधुमेहात मुख्यतः इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट होतात. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याचे पाचकरस आणि ग्लुकागॉन बनवणाऱ्या पेशीही जातात. हा कुत्रा मधुमेही मुलाची हुबेहूब प्रतिकृती नव्हे. मग त्याच्यावरून कोणता निष्कर्ष काढता येतो आणि कोणता नाही, हे विद्यार्थ्यांना शोधू द्यावे.

'प्राण्यांवर प्रयोग करावेत का?' या वादविवादात बहुधा दोन्ही बाजूंनी घोषणाच ऐकू येतात. नलिका बांधलेल्या त्या कुत्र्यांचा दाखला पुढे ठेवला, तर आमच्या मते अधिक नेमका प्रश्न निघेल : हा प्राणी, हा प्रयोग, याच उत्तरासाठी खरोखर आवश्यक होता का?