कॉर्डशीटचं कव्हर

यूट्यूबवर कुठल्याही जुन्या मराठी गाण्याच्या नावापुढे 'अनप्लग्ड' असं लिहून शोधा. जे व्हिडिओ येतात त्यांची चौकट आता आपल्याला पाठ झालेली आहे. मागे पिवळ्या दिव्यांची माळ, गिटारच्या मानेवर कॅपो, मूळ गाण्यापेक्षा बरीच संथ लय, आवाजाला भरपूर रिव्हर्ब. सुरुवातीचा म्युझिक पीस गायब, दुसरं कडवं गायब, आणि ध्रुवपदाच्या शेवटच्या शब्दावर एक लांब श्वास. मूळ गाणं खट्याळ असो, विरहाचं असो की अंगाई असो, अनप्लग्ड झालं की त्याचा एकच मूड होतो: पावसात कॉफी पिणारा.

मी यांची टवाळी करायला बसलेलो नाही. दिवसभर कोड लिहायचा आणि रात्री दीडेक तास गिटार वाजवायची, असा माझा गेल्या काही वर्षांचा क्रम आहे. या व्हिडिओंमुळे माझ्या वयाच्या कितीतरी जणांनी श्रीनिवास खळे आणि हृदयनाथ मंगेशकर पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकले, हेही खरं आहे. वाद्यांची गर्दी कमी झाल्यावर शब्द जास्त नीट ऐकू येतात, हा तर या प्रकाराचा मोठाच गुण. पण अशी कव्हरं लागोपाठ ऐकली की ती एकमेकांसारखी का वाटतात, हा प्रश्न उरतोच. 'टॅलेंट कमी पडतं' हे उत्तर मला पटत नाही. गाणारे बरेचदा सुरेल असतात, वाजवणारे तालात असतात. माझं म्हणणं असं आहे की आपण बहुतेक वेळा गाण्याचं कव्हर करतच नाही. आपण करतो ते कॉर्डशीटचं कव्हर.

कॉर्डशीट म्हणजे गाण्याचे शब्द आणि त्या शब्दांच्या डोक्यावर लिहिलेली जी, डी, ई मायनर, सी अशी अक्षरं. इंटरनेटच्या सुरुवातीपासून हौशी गिटारवाले ही देवाणघेवाण करत आलेत. 'ऑनलाइन गिटार आर्काइव्ह', म्हणजे 'ओल्गा', १९९२ मध्ये सुरू झालं. लोकांनी कानाने ऐकून उतरवलेले टॅब आणि कॉर्ड्स तिथे फुकट मिळायचे. संगीत प्रकाशकांच्या कायदेशीर नोटिशीनंतर २००६ मध्ये ते बंद पडलं, पण सवय राहिली आणि तिच्यासोबत लिहिण्याची पद्धतही राहिली. ती पद्धत मुळात इंग्रजी गाण्यांसाठी आणि टाइपरायटरसारख्या समान रुंदीच्या अक्षरांसाठी होती. वरच्या ओळीत स्पेस देत देत कॉर्ड नेमका हव्या त्या शब्दावर आणून ठेवायचा, एवढीच युक्ती.

आता हेच मोबाइलवर उघडा. स्क्रीन अरुंद असल्यामुळे कॉर्ड्सची ओळ एकीकडे मोडते आणि शब्दांची दुसरीकडे. 'वारा' वर असलेला कॉर्ड 'मंद' वर जाऊन बसतो. देवनागरीत तर जोडाक्षरं आणि मात्रांमुळे रुंदीचा हिशोब मुळातच जुळत नाही. म्हणून मराठी गाणी रोमन लिपीत उतरवली जातात. मग 'ळ' आणि 'ल' एकच होतात, 'ण' आणि 'न' एकच होतात. गाणं शिकणारा जर बंगळुरूत किंवा न्यू जर्सीत वाढलेला असेल आणि त्याचा मराठीशी संबंध घरापुरताच असेल, तर तो ते तसंच गातो. इथपर्यंत ही फॉरमॅटिंगची अडचण म्हणून सोडून देता येईल. खरी पडझड स्वरांत होते.

'जिवलगा' हे शांता शेळके, हृदयनाथ मंगेशकर आणि आशा भोसले यांचं गाणं घ्या. त्याच्या चालीवर श्री आणि पूरिया धनाश्री या रागांची छाया आहे. दोन्ही राग पूर्वी थाटातले, म्हणजे रिषभ आणि धैवत कोमल, मध्यम तीव्र, बाकी स्वर शुद्ध. आता जगातली निम्मी पॉप गाणी ज्यांच्यावर चालतात असं गमतीने म्हटलं जातं, त्या चार कॉर्ड्सची यादी या स्वरांशी ताडून बघू. 'सा' ला सी मानलं तर ते कॉर्ड्स होतात सी, जी, ए मायनर आणि एफ.

सी मेजरमध्ये सा, ग, प. चालेल. जी मेजरमध्ये प, नी आणि शुद्ध रे. रागात कोमल रे आहे, त्यामुळे हा गेला. ए मायनरमध्ये शुद्ध ध आहे. तोही गेला. एफ मेजरमध्ये शुद्ध म आणि शुद्ध ध, दोन्ही नको असलेले. चारातला एकच कॉर्ड वाचला.

आता दोनच रस्ते उरतात. एक, कॉर्ड्स तसेच ठेवायचे आणि गळा मूळ चालीवर ठेवायचा. मग गळ्यातला कोमल रिषभ आणि गिटारमधला शुद्ध रिषभ एकमेकांना खेटून वाजतात आणि ऐकणाऱ्याला 'काहीतरी चुकतंय' एवढंच कळतं. दुसरा रस्ता जास्त वापरातला आहे: गळाच हळूहळू कॉर्ड्सकडे सरकतो. कोमल स्वर थोडे वर चढतात, मींड दोन सरळ पायऱ्यांत मोडते, आणि संध्याकाळच्या कातर वेळेचं गाणं पावसात कॉफी प्यायला येतं. सगळी कव्हरं सारखी वाटतात ती यामुळे. वेगवेगळ्या चाली एकाच साच्यातून काढल्या की बाहेर येणारी वस्तू साच्यासारखी दिसणारच.

यात गिटारला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं सोपं आहे. फ्रेटवाल्या गिटारचे स्वर ठोकून बसवलेले असतात. प्रत्येक फ्रेट आधीच्या फ्रेटच्या सुमारे १.०५९५ पट उंच कंपनसंख्या देतो आणि असं बारा वेळा केलं की बरोबर दुप्पट, म्हणजे वरचा सा. हिशोब देखणा आहे, पण तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा गिटारचा गंधार सुमारे १४ सेंट चढा लागतो. सेंट म्हणजे एका सेमिटोनचा शंभरावा भाग. हाच आक्षेप एकेकाळी पेटीवर होता: स्वर पक्के, मींड अशक्य, श्रुती नाहीत. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीला दरवाजा बंद केला आणि तो किलकिला व्हायला १९७१ उजाडलं. त्या तीस वर्षांत महाराष्ट्रातल्या बैठकींत आणि नाटकांत पेटी वाजतच राहिली. चांगल्या पेटीवाल्याला आपल्या वाद्याला काय जमत नाही ते नेमकं ठाऊक असतं. गायक मींड घेतो तेव्हा तो हात आखडता घेतो, मोकळ्या जागी भरतो. साथ म्हणजे काय वाजवायचं नाही हे कळणं, असं मला वाटतं.

गिटारवाल्यांनीही या अडचणीवर उत्तरं काढलेली आहेत. ब्रिजभूषण काबरा यांनी फ्रेटच्या वाटेला न जाता हवाई पद्धतीने तारेवर धातूचा दांडा सरकवत राग वाजवले. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या रेकॉर्डवर शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्यासोबत ती गिटार आहे. आजच्या तरुण श्रोत्याने डोळे मिटून ऐकलं तर तिला तो कदाचित गिटार म्हणणारही नाही. विश्वमोहन भट्ट यांनी त्याच दिशेने पुढे जात मोहनवीणा घडवली आणि राय कूडरसोबतच्या 'अ मीटिंग बाय द रिव्हर' ला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं. इतकं मोठं काही करायची गरज नसते. 'सा' ला डी मानून सगळ्यात जाड तार ई वरून डी वर उतरवा, खालच्या तीन तारा मोकळ्या छेडा: सा, प, सा. हा जवळपास तानपुराच झाला, आणि त्यावर 'जिवलगा' गायलं तर एकही स्वर भांडत नाही. हे करायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. कॉर्डशीटमध्ये मात्र हे लिहायला जागा नाही, म्हणून कोणी करत नाही.

तेव्हा मुद्दा लिहिण्याच्या पद्धतीचा आहे. आणि गाणं कागदावर उतरवून सगळ्यांना वाटायचं, या बाबतीत मराठीत एक फार मोठा माणूस होऊन गेलाय. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) पेशाने वकील. त्यांनी देशभर हिंडून उस्तादांकडून बंदिशी गोळा केल्या, त्यांचं स्वरलेखन केलं आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत त्या छापल्या. ज्या चिजा घराण्याबाहेर जाऊ नयेत म्हणून जपल्या जायच्या, त्या पुस्तकाच्या किमतीत कोणालाही मिळू लागल्या. आजच्या भाषेत त्यांनी अख्खा रेपो पब्लिक केला. कागदावरची बंदिश हा नुसता सांगाडा, गाणं गुरूच्या समोर बसूनच येतं, हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो चुकीचा नव्हता. पण भातखंड्यांच्या पद्धतीत काय आहे ते पाहा. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मींडेसाठी कमान, कणस्वरासाठी डोक्यावर छोटं अक्षर, समेची खूण, खालीची खूण. गळ्यातलं सगळं कागदावर येणार नाही हे गृहीत धरून, जेवढं येईल तेवढ्यासाठी त्यांनी चिन्हं ठरवली. फाइल लहान करताना काय टाकून द्यायचं नाही, हे आधी ठरवलं.

आपल्या कॉर्डशीटने हा विचार केलेला नाही. तिच्यात आणखी एक गोष्ट गळते, ती म्हणजे माणसं. हिंदी सिनेसंगीतात गोव्याच्या वादकांनी आणि अरेंजर्सनी काय केलं ते आठवा. संगीतकार पेटीवर चाल गाऊन दाखवायचा, आणि सेबॅस्टियन डिसोझा किंवा अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे लोक चर्चच्या शाळांत रुजलेल्या स्टाफ नोटेशनमध्ये वाद्यवृंदासाठी ती बांधायचे. रेकॉर्डवर नाव संगीतकाराचं, गीतकाराचं, गायकाचं. वादकांचं नाही. गोन्साल्विस हे प्यारेलालचे गुरू. त्यांचं नाव घराघरांत पोचलं ते १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' मधल्या एका विनोदी गाण्यामुळे, आणि ते नाव एका खऱ्या माणसाचं आहे हे बहुतेकांना ठाऊकही नव्हतं. 'दम मारो दम' ची गिटार छेडणारे भूपिंदर सिंग पुढे गझलगायक म्हणून प्रसिद्ध झाले, म्हणून निदान त्यांचं नाव तरी निघतं. बाकीच्यांचं काय? आपण कव्हर करताना म्युझिक पीस कापतो तेव्हा या लोकांचं काम कापतो. मराठी गाण्यात दोन कडव्यांमधला बासरीचा किंवा सतारीचा तुकडा म्हणजे पाणी प्यायची सुट्टी नसते. पुढच्या कडव्याची वाट तिथून निघते.

यावर एक रास्त प्रश्न येईल. ऑफिसातून दमून आलेल्या माणसाने चार कॉर्ड्सवर आवडतं गाणं म्हटलं आणि मित्रांना पाठवलं, तर त्याच्याकडून एवढी अपेक्षा कशाला? त्याने आनंदासाठी वाजवलं, त्याला आनंद मिळाला, विषय संपला. मित्रांना पाठवण्यापुरता मलाही विषय तिथेच संपतो. पण कॉर्डशीट जाहीर टाकली, व्हिडिओ जाहीर टाकला, की तो पुढच्याचा पाठ होतो. शोधल्यावर आधी तोच सापडतो, कारण तो सोपा आहे. त्यावरून दुसरा शिकतो, त्याच्यावरून तिसरा, आणि मूळ रेकॉर्डिंग ऐकायची गरज कोणालाच वाटत नाही. आमच्या धंद्यात याला कॉपी-पेस्ट केलेला बग म्हणतात. तो कोणी टाकला हे शोधण्यात अर्थ नसतो, पण कोणीतरी थांबून मूळ डॉक्युमेंट उघडावं लागतं. आणि हौशी माणसाला हे सगळ्यात जास्त परवडतं. त्याच्यावर ना निर्मात्याचा दबाव, ना तारखांचा. भातखंडेही पोटापाण्यासाठी वकील होते.

करायचं काय, तर फार थोडं. कॉर्ड वेगळ्या ओळीत न लिहिता चौकटी कंसात थेट शब्दाच्या आत लिहा. 'कॉर्डप्रो' नावाची ही पद्धत कित्येक वर्षं अस्तित्वात आहे, तिला अक्षरांच्या रुंदीशी देणंघेणं नाही, त्यामुळे गाणं बिनधास्त देवनागरीत लिहिता येतं. वर चार ओळींची टीप द्या: कोणतं रेकॉर्डिंग ऐकून उतरवलं, मूळ पट्टी कोणती, कवी, संगीतकार आणि माहीत असतील तर वादक कोण, आणि आपण काय सोडलं. 'इथे मींड आहे, गिटार थांबवा' असं साध्या मराठीत लिहिलं तरी पुरे. चारातले तीन कॉर्ड बसत नसतील तर एकाच कॉर्डवर गा, किंवा नुसत्या सा-पवर गा.

'काय सोडलं' ही ओळ मला त्यात सगळ्यात महत्त्वाची वाटते. ती लिहायला बसलं की मूळ गाणं परत लावावं लागतं, हेडफोन घालून, गिटार बाजूला ठेवून, म्युझिक पीससकट, दोन्ही कडव्यांसकट. कव्हर त्यानंतर करा.