मोजमाप मान्य असणं आणि बरोबर असणं

कुरुळी-चाकणच्या लाइनवर सायकल टाइम असतो, तसा कॉल सेंटरमध्ये एएचटी: एका कॉलला लागणारा सरासरी वेळ. पण नग सारखे असतात, ग्राहक नसतात. हे लक्षात ठेवून एर्नेस्टो नोरोन्हा आणि प्रेमिला डिक्रूझ यांचं 'एम्प्लॉयी आयडेंटिटी इन इंडियन कॉल सेंटर्स' (२००९) वाचा.

मुंबई आणि बंगळुरूच्या एजंटांच्या सविस्तर मुलाखती हा त्याचा पाया. कॉल रेकॉर्ड होतात, सेकंद मोजले जातात; तरी आपण 'प्रोफेशनल' आहोत म्हणून एजंट ते स्वीकारतात. ही ओळख कंपनीच घडवते आणि तिच्यातूनच नियंत्रण चालतं, हे लेखक नीट दाखवतात. २००४ मध्ये बाबू रमेश यांनी नोएडाच्या अभ्यासात 'सायबर कुली' हा शब्द वापरला होता. त्या शब्दात एजंटाला स्वतःबद्दल काय वाटतं ते मावत नाही. इथे ते ऐकू येतं.

मर्यादा कुठे? मुलाखतीतून मोजमाप लोकांना कसं वाटतं ते कळतं, ते बरोबर आहे का ते नाही. समजा, एजंटाने कॉल घाईत गुंडाळला. त्याचा एएचटी सुधारला. ग्राहकाने पुन्हा फोन केला, तो दुसऱ्याच्या खात्यात गेला. तक्रार एकच, नोंदी दोन! हे पकडायला त्याच नंबरवरून पुन्हा आलेले कॉल तपासावे लागतात.

लेखकांचा प्रश्न वेगळा होता, त्यामुळे हा त्यांचा दोष नाही. पण 'एजंटांनाही मान्य आहे' असा हवाला देऊन आपण एएचटीलाच कामगिरी म्हणू लागलो, तर चूक आपली. तुमच्या प्रस्तावात 'कामगिरी' हा शब्द आला की आधी लिहा: कोणाची, कशाने मोजलेली?