गावाला की गावाने?

स्वयंसेवी संस्थांचे वार्षिक अहवाल आपण सगळेच अधूनमधून चाळतो. त्यातली वाक्यं कशी असतात बघा. 'गावाला पाणी मिळाले.' 'महिलांना प्रशिक्षण दिले.' 'शेतकऱ्यांना रोपे वाटली.' गाव, महिला, शेतकरी सगळे चतुर्थीत बसलेले. देणारी, करणारी फक्त संस्था. या सगळ्यांसाठी आपल्याकडे एक सरकारी शब्दही आहे, 'लाभार्थी'. म्हणजे लाभाची इच्छा धरून बसलेला माणूस. तो काही करत नाही, त्याला काहीतरी होतं.

आमचं म्हणणं एवढंच आहे की संस्थेच्या कामाची परीक्षा या विभक्तीत होते. 'गावाला' हा शब्द 'गावाने' कधी होतो, आणि होतो का?

असं झाल्याचं एक उदाहरण आपल्याच राज्यात आहे. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे लहानसं गोंड गाव. तिथे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या 'वृक्षमित्र' या संस्थेनं दीर्घकाळ काम केलं. पण काम म्हणजे काय केलं? संस्थेनं गावाचे निर्णय घेतले नाहीत. गावात अभ्यासगट उभा राहायला मदत केली. कायदा काय म्हणतो, जंगलाचं काय होतंय, यावर लोक बसून बोलायचे. बाहेरचा माणूस माहिती द्यायचा. निर्णय मात्र ग्रामसभेत आणि तोही सर्वसहमतीनं. बहुमतानं नव्हे! एकाचाही विरोध असला तर पुन्हा चर्चा. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही या गावाची घोषणा सर्वांना ठाऊक आहे. तिच्यातला 'आम्हीच' हा शब्द संस्थेचा नाही, गावाचा आहे.

पुढे 2006चा वनहक्क कायदा आला. 2009 साली मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबूवरून वाद राहिलाच. कायद्यात बांबू गौण वनोपज म्हणून स्पष्ट लिहिलेला असतानाही वाहतूक परवाना वनखात्याच्याच हातात होता. एप्रिल 2011मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. आता बांबू कधी तोडायचा, किती ठेवायचा, हे गाव ठरवू लागलं. संवर्धन आणि पोट हे दोन प्रश्न एकाच बैठकीत आले.

मग सगळीकडे असं का होत नाही? कार्यकर्ते कमी प्रामाणिक आहेत म्हणून? नाही. पैशाची रचना बघा. 2013च्या कंपनी कायद्यानं ठरावीक नफा किंवा उलाढाल असलेल्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले. चांगलंच आहे. पण कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या, असंही तोच कायदा सांगतो. जिथे कारखाने तिथे निधी. जिथे जंगल तिथे? शिवाय देणाऱ्याला वर्षाअखेर आकडा हवा असतो. लावलेली रोपं मोजता येतात. सर्वसहमतीला लागलेली तीन वर्षं कुठल्या रकान्यात भरायची? 2020मध्ये परकीय देणग्यांचा कायदा बदलला आणि एका संस्थेनं दुसरीला तो निधी देणं बंद झालं. मोठ्या संस्थेच्या हातून आडगावातल्या छोट्या गटापर्यंत पोचणारी वाट त्यानं बुजली. थोडक्यात, संस्था वरच्याला उत्तर देते, खालच्याला अहवालात घालते.

एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. मेंढा लहान, बहुतांशी एकाच समाजाचं गाव. अनेक जातींच्या मोठ्या गावात 'गावाने' म्हणजे नेमकं कुणी? पाटलांनी? बायका मागे उभ्या, दलित वस्ती बैठकीला बोलावलीच नाही, आणि ठराव मात्र 'गावाचा'! हा धोका खरा आहे. पण त्यावरचा उपाय म्हणजे निर्णय संस्थेनं आपल्याकडे घ्यावा, असा होत नाही. त्या बैठकीत कोण नाही, हे विचारणं, नसलेल्याला आत आणणं आणि मग गप्प बसणं, हे संस्थेचं काम. शेवटचं सगळ्यात अवघड.

कांटनं सांगितलं होतं की माणसाला केवळ साधन समजू नका, तो साध्य आहे. आम्ही तत्त्वज्ञानाच्या वर्गात हे वर्षानुवर्षं शिकवलं. पण ज्या उपक्रमात गाव हे संस्थेच्या यशाचं छायाचित्र होतं, तिथे गाव साधनच राहतं, हेतू कितीही उदात्त असो. आणि असं राखलेलं जंगल प्रकल्पाची मुदत संपली की पोरकं होतं, कारण ते कुणी राखायचं हे कुणीच ठरवलेलं नसतं.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या संस्थेला देणगी देताना, किती झाडं लावली हे जरूर विचारा. पण त्याबरोबर हेही विचारा, की झाडं कुठली लावायची हे कुणी ठरवलं, आणि तुम्ही निघून गेल्यावर 'ही तोडू नका' असं म्हणायचा अधिकार कुणाकडे राहील? उत्तरात 'गावाने' आलं, तर पावती फाडा.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.