खांद्यावरचा तिसरा तारा आणि रजेचा अर्ज

मंडळी, फलटणमध्ये उभे राहून पलटणीविषयी बोलायचे म्हणजे थोडी गंमतच आहे. पण विषय आम्ही निवडलेला नाही. गेल्या खेपेला व्याख्यान संपल्यावर एका एनसीसीतल्या मुलीने विचारले, "सर, आम्हाला सर्टिफिकेटसाठी परीक्षा द्यावी लागते. मग आमच्या सरांना लेफ्टनंटचे कॅप्टन व्हायला कोणती परीक्षा असते?" त्या वेळी आम्ही काहीतरी उत्तर दिले आणि घरी गेलो. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. आज त्याचेच उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

१९४८ हे साल फलटणकरांना वेगळे सांगायला नको. त्याच साली आपले संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. आणि त्याच साली देशात दोन कायदे झाले, एक राष्ट्रीय छात्रसेनेचा आणि दुसरा प्रादेशिक सेनेचा. दोन्हींमागे कल्पना एकच होती. माणसाने आपला पोटापाण्याचा उद्योग सांभाळावा आणि वर्षातला काही काळ गणवेशात देशासाठी द्यावा. आपल्या शेजारी कोल्हापुरात मराठा लाइट इन्फन्ट्रीची प्रादेशिक सेनेची बटालियन आहे, ती याच कल्पनेतून आली.

आता बढतीचे पाहू. प्रादेशिक सेनेत अधिकारी व्हायला लेखी परीक्षा आहे, मुलाखत आहे. पुढे लेफ्टनंट कर्नलपर्यंतची बढती सेवेच्या वर्षांवर मिळते, मात्र ठरवून दिलेल्या अटी पुऱ्या कराव्या लागतात. त्याच्या वरची पदे निवडीने. छात्रसेनेत अधिकारी म्हणजे आपले कॉलेजातले प्राध्यापकच. ते कामठीच्या अकादमीत प्रशिक्षण घेतात आणि लेफ्टनंट होतात. स्त्री अधिकाऱ्यांची अकादमी ग्वाल्हेरला. पुढे कॅप्टन, मेजर. त्यासाठी सेवेची वर्षे, शिबिरे आणि उजळणी वर्ग, म्हणजे रिफ्रेशर. उजळणी वर्गात चाचण्या होत नाहीत असे नाही. पण खरी परीक्षा तिथे होत नाही. ती कुठे होते, ते सांगतो.

आमचे एक सहकारी होते. नाव नको, कॉलेजचेही नको. भूगोल शिकवायचे आणि छात्रसेनेचे काम जीव ओतून करायचे. पहाटे साडेपाचला मैदानावर हजर. त्यांच्या खांद्यावर वर्षानुवर्षे दोनच तारे राहिले. का? उजळणी वर्गाला पाठवायची वेळ आली की कॉलेज म्हणे, आत्ता विद्यापीठाच्या परीक्षा आहेत. पुढल्या वेळी म्हणे, समिती यायची आहे. त्यांचे रजेचे अर्ज आम्ही स्वतः पाहिलेत. त्यांच्या मागून आलेला, मैदानावर क्वचित दिसणारा दुसरा एक जण कॅप्टन झाला, कारण त्याला रजा मिळाली. म्हणजे बघा, परीक्षा कोणाची झाली? अधिकाऱ्याची नाही, प्राचार्यांच्या मर्जीची झाली!

यावर काही लोक म्हणतात, "अहो, स्वयंसेवक माणूस तो. नोकरी सांभाळून करतोय. त्याला कसल्या परीक्षा लावता? वर्षे झाली की द्या बढती." ऐकायला हे मायाळू वाटते. आम्हाला मात्र यात त्या माणसाचा अपमान दिसतो. तुझे काम तपासण्याइतके महत्त्वाचे नाही, असेच आपण त्याला सांगतो.

हा वाद जुना आहे. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले तेव्हा स्वयंसेवक पलटणींत अधिकारी पुष्कळदा निवडणुकीने नेमले जात. लोकप्रिय माणूस कॅप्टन व्हायचा. १८६१ च्या जुलैमध्ये कायदा करून अशा अधिकाऱ्यांची पात्रता तपासायला मंडळे नेमण्याची सोय करावी लागली. लोकप्रियता आणि लायकी यांतला फरक रणांगणावर कळायच्या आधी कळलेला बरा, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याकडचेही उदाहरण घ्या. महेंद्रसिंग धोनींना २०११ मध्ये प्रादेशिक सेनेत मानद लेफ्टनंट कर्नल केले. मानद पदाला परीक्षा नसते. तरी २०१५ मध्ये ते आग्र्याला गेले, विमानातून उड्या मारल्या आणि पॅराशूटधारकाचे पंख मिळवले. पद दिले जाते, पंख मिळवावे लागतात. ज्याला हा फरक कळतो त्याला परीक्षेचा राग येत नाही.

मग परीक्षा हवी, पण कशाची? इथे जपून बोलले पाहिजे. आणखी एक लेखी पेपर काढला की त्याचे गाइड निघणार आणि लोक पाठ करणार. आमचा जन्मच पेपर तपासण्यात गेला, आम्हाला हे ठाऊक आहे. प्लेटोने 'रिपब्लिक'मध्ये राज्याच्या रक्षकांना पन्नाशीपर्यंत पारखायला सांगितले आहे, आणि त्यात अभ्यासाच्या बरोबरीने प्रत्यक्ष कामातली पंधरा वर्षेही धरली आहेत. दहा दिवसांच्या शिबिरात उन्हाने पोर चक्कर येऊन पडते, तेव्हा संचलन थांबवायचे की चालू ठेवायचे? गोळीबाराच्या सरावात एखादा घाबरला तर त्याला मागे कसे घ्यायचे, त्याची लाज राखून? अधिकाऱ्याचा कस इथे लागतो. तो पाहायचा तर शिबिरातच पाहिला पाहिजे.

आम्ही १९६७ साली कॉलेजात गेलो तेव्हा एनसीसी सक्तीची होती. चीनच्या युद्धानंतर १९६३ मध्ये तशी केली होती. पुढच्याच साली ती पुन्हा ऐच्छिक झाली. त्या वर्षभरात आम्ही दोन्ही प्रकारचे अधिकारी पाहिले. एकाचा हुद्दा आठवतो, दुसऱ्याचा माणूस आठवतो.

तेव्हा त्या मुलीला आमचे उत्तर असे. तुला पंचाहत्तर टक्के हजेरी भरल्यावर परीक्षेला बसता येते. तुझ्या सरांच्या बाबतीत मात्र हजेरीची संधी मिळणे हीच परीक्षा होऊन बसली आहे. ही उलटापालट आधी सरळ करायला हवी. उजळणी वर्गाची रजा मर्जीवर न राहता हक्काची व्हावी. आणि मग बिनदिक्कत कडक परीक्षा घ्यावी, मैदानावर.

या सभागृहात शिक्षणसंस्थांचे पदाधिकारी बसले आहेत. पहिले काम दिल्लीच्या आधी त्यांच्या टेबलावर आहे. पुढचा रजेचा अर्ज येईल, तेव्हा आमच्या त्या भूगोलाच्या सरांची आठवण ठेवा. ते दोन तारे घेऊनच निवृत्त झाले.