तय्यब मेहतांचं परदेशातलं वर्ष

परदेशी गेला आणि मोठा झाला, ही गोष्ट सांगायची आपल्या पांढरपेशा समीक्षेला भारी हौस. तय्यब मेहतांचंही तसंच. १९६८ साली रॉकफेलर फंडाची फेलोशिप मिळाली, चाळिशी ओलांडलेला हा चित्रकार न्यूयॉर्कला जाऊन राहिला, तिथं बार्नेट न्यूमनची चित्रं बघितली आणि त्याचं चित्र पालटलं. एवढं खरं आहे. पण पालटलं म्हणजे काय झालं? म्हणून मी गिरणी कामगार असून यात तोंड घालतो.

न्यूमनचं चित्र म्हणजे भिंतीएवढा एक रंग आणि त्यातनं वरून खाली जाणारी उभी पट्टी. बस्स. माणूस नाही, झाड नाही. तय्यबचं तोवरचं काम जाड रंगाचं, थरावर थर. परत आल्यावर थर गेले, रंग ताग्यासारखा सपाट झाला. आणि १९६९ पासून त्याच्या कॅनव्हासवर तिरकी पट्टी आली. न्यूमनची पट्टी रंगाला दुभागते. तय्यबची माणसाला कापते. हात इकडं, पाय तिकडं, तोंड उघडं. १९४७ च्या दंगलीत महंमद अली रोडवर जमावानं एका माणसाला ठेचून मारलं, ते त्यानं घराच्या खिडकीतून बघितलं होतं. तो माणूस वीस वर्षं त्याच्याबरोबर हिंडत होता. अमेरिकेनं दिली ती मोकळी जागा. तीत पडणारा माणूस मुंबईचाच.

बैलही मुंबईचाच. पाय बांधलेला, कापायच्या आधीचा. वांद्र्याचा कत्तलखाना त्याच्या १९७० च्या ‘कूडल’ या फिल्ममध्येही आहे. दोस्तहो, हा बैल आपल्याला बघवत नाही त्याचं कारण वेगळं. आपल्या आज्यापणज्यांच्या वाट्याला बैल आला तो मेलेला, गावाबाहेर ओढून न्यायचा. १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी मेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. तय्यबच्या बैलात जीव आहे, पण त्याच्याभोवती गाव नाही. बांधलं कुणी, ओढणार कोण, हे त्या सपाट रंगात सापडत नाही. त्याच्या रिक्षावाल्याला घाम नाही, ही पण माझी तक्रार. मात्र रिक्षा आणि ओढणारा एकच अंग होऊन जातात, ते बघितलं आणि गप्प झालो. रिंग फ्रेमवर आठ तास तुटला धागा सांधणाऱ्याला ते समजावून सांगावं लागत नाही.

१९८४-८५ ला तय्यब शांतिनिकेतनात राहिला. तिथनं त्याचं तीन फलकांचं थोर चित्र निघालं. म्हणजे विमानच लागतं असं नाही. लागतं ते वर्ष. भाडं भरलेलं, पाळीचा भोंगा नसलेलं.

ते कुणाला मिळतं? फॉर्म इंग्रजीत, शिफारस बड्या माणसाची, वर कॅटलॉग जोडा. आमच्या वस्तीतला पेंटर जयंतीला बाबासाहेबांचं बारा फुटी चित्र चार रात्रींत उभं करायचा, दिवसा कामावर जाऊन. फ्लेक्स आला, आता बिल्डिंगींना रंग मारतो. त्याच्याकडं कसला कॅटलॉग? त्याला मी तय्यबचा रिक्षावाला छापील दाखवला. बराच वेळ बघून म्हणाला, ‘‘एवढा सपाट हात मारायचा तर घाई करून चालत न्हाई.’’