गाळलेली पाच वचने

संत मार्कलिखित शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातील नऊ ते तेरा ही पाच वचने केवळ रविवारच्या मिस्साला येणाऱ्या भाविकांच्या कानी पडतच नाहीत. वर्ष 'ब' मधील सामान्य काळाच्या २२व्या रविवारी, म्हणजे अलीकडे १ सप्टेंबर २०२४ रोजी, हाच अध्याय वाचला गेला. परंतु आठव्या वचनानंतर वाचन थेट चौदाव्यावर जाते. वगळलेला भाग पाचव्या आठवड्यातील मंगळवारी येतो. मंगळवारी चर्चमध्ये किती बाके भरतात, हे आपण जाणतोच. हात धुण्याचा वाद आपण ऐकतो. येशूने तो कोठे नेऊन भिडवला, ते राहून जाते.

येशूचा आरोप नेमका आहे. मुलगा आपली मिळकत 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेली, असे जाहीर करी आणि आईवडिलांच्या पोषणातून मोकळा होई. येथे मराठी वाचकाची अडचण होते. अरबी-फारसीतून आलेला 'कुर्बान' आपल्याला आत्मत्यागाच्या उदात्त अर्थाने परिचित आहे, त्यामुळे उताऱ्यातील उपरोध बोथट होतो. मूळ हिब्रू धातूचा अर्थ आहे 'जवळ येणे'. देवाच्या जवळ नेणाऱ्या त्या शब्दानेच मायबाप दूर लोटले जात होते.

दुसरा शब्द चौथ्या आज्ञेतील 'मान'. मान म्हटले की आपल्याला पाया पडणे आणि उलट न बोलणे आठवते. येशू मात्र मान आणि पोषण यांत अंतर ठेवीत नाही. आपला 'मानधन' हा शब्द त्याच्या आशयाशी अधिक जवळचा आहे.

हे दोन्ही शब्द सातारा-सांगलीच्या जीवनाला लावून पाहावेत. पाटण-जावळीचे माथाडी मुंबईला गेले, खानापूर-आटपाडीचे गलाई व्यावसायिक देशभर पसरले, आणि मागची घरे वर्षानुवर्षे मनिऑर्डरवर चालली. त्या मुलांनी मान धनाने राखला, हे थोर आहे. पण 'जवळ येणे' बहुधा गावी राहिलेल्या सुनेच्या वाट्याला आले. आईवडिलांच्या पोषणाचा २००७ चा कायदा मुलगा आणि मुलगी दोघांनाही बांधतो. त्यात निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे. रात्री उशाशी कोणी बसावे, हे मात्र कोणताही कायदा ठरवू शकत नाही.

दिवंगत आईवडिलांच्या स्मरणार्थ चर्चला बाक देणे सुंदरच. परंतु त्यांच्या हयातीत औषधाचे पैसे देताना हात आखडला असेल, तर ते दान 'कुर्बान'च होय.

वाचनपुस्तक बदलणे धर्मग्रामाच्या हाती नाही. प्रवचन आहे, आणि घरची सायंप्रार्थनाही. ही पाच वचने तेथे वाचावीत, आणि ती घरातील वृद्धांसमोर वाचावीत, असे आम्ही सुचवितो.