एका चिनी वाक्प्रचाराचें मराठी रूप

'त्झ-येन-त्झ-यू' हा चिनी भाषेंतील चार अक्षरांचा वाक्प्रचार आहे. 'त्झ' म्हणजे स्वतः. 'येन' आणि 'यू' या दोहोंचाही अर्थ बोलणें. अर्थ इतका उघड असतां त्याचें मराठी करतांना घोटाळा कां व्हावा, असें वाचकांस वाटेल. परंतु चिनी वाङ्मय आपल्याकडे बहुधा इंग्रजीच्या वाटेनें येतें, आणि 'स्वतःशीं म्हणाला' या इंग्रजी प्रयोगांत मुकाट्यानें केलेला विचारही सामावतो. मग आपला भाषांतरकार 'मनांत म्हणाला' असें लिहून मोकळा होतो. येथेंच अर्थाची हानि होते. या वाक्प्रचारांत ओठ हलतात, शब्द उमटतो, आणि जवळ कोणी असल्यास तो त्याच्या कानीं पडूं शकतो.

'स्वगत' हा शब्दही आम्हांस येथें मान्य नाहीं. तो रंगभूमीचा संकेत आहे. नाट्यांतील एकभाषितास चिनी भाषेंत 'दूबाइ' हा निराळा शब्द आहे. 'पुटपुटणें' म्हणावें, तर त्यासाठीं 'नान-नान-त्झ-यू' असा दुसरा प्रयोग आहे. वेडाचा आरोप तर या शब्दांत मुळींच नाहीं. याच सांच्यांतील 'त्झ-चुइ-त्झ-लेइ' म्हणजे आपलीच टिमकी वाजविणें. त्यांत निंदा आहे. 'त्झ-जी-त्झ-त्सू', म्हणजे स्वतःची गरज स्वतः भागविणें, यांत बहुधा गौरव असतो. आमचा वाक्प्रचार मात्र निंदा-स्तुति दोन्ही टाळून पाहिलें तेवढेंच सांगतो.

या भेदाचें महत्त्व किती, हें लू शुन यांच्या उदाहरणावरून दिसेल. १९१९ सालीं त्यांनीं याच नांवाची एक स्फुट गद्यमाला लिहिली. तिच्या आरंभीं उन्हाळ्याच्या रात्रीं झाडाखालीं एकटा बसणारा एक म्हातारा येतो. तो डोळे मिटून कांहीं बोलत असतो. लेखक तें ऐकून घरीं जाऊन टिपून ठेवतो. म्हातारा 'मनांत म्हणाला' असें लिहिलें, तर लेखकास ऐकावयास उरलें काय? त्या मालेंतील गोठलेल्या अग्नीची कल्पना पुढें १९२७ सालच्या 'रानगवत' या गद्यकाव्यसंग्रहांत पुन्हां अवतरली.

म्हणून 'आपल्याशींच बोलणें' हें साधें मराठीच आम्हांस योग्य वाटतें. घरांतील वडील माणसें देवघरांत वा ओसरीवर आपल्याशींच बोलतात, तेव्हां आपण तिकडे लक्ष देत नाहीं. लू शुन यांनीं दिलें, हाच त्यांचा आणि आपला फरक.